एकच क्रीम बाराही महिने? नाही जमत
एका ताईंनी विचारलंय, बाराही महिने एकच क्रीम चालेल का? आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं नाही चालत जी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर. तेव्हा घट्ट क्रीम थापलं की घामोळ्या ठरलेल्या. पातळ जेल, 30 एसपीएफचं सनस्क्रीन, तोंडाला सुती दुपट्टा, बस.

खरा घोळ पावसाळ्यात, गजकर्णाचा. धानाच्या रोवणीत (भातलावणीत) दिवसभर ओले कपडे अंगावर, जांघेत खाज सुटते आणि माणूस मेडिकलमधून न विचारता ‘खाजेची ट्यूब’ आणतो. तिच्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग चट्टे पसरतात अन् औषधालाही लवकर दाद देत नाहीत. डॉक्टरलाच दाखवा.

थंडीत सोपं: आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन चोळायचं. पाणी मात्र फार कढत नको.