बेडला लागून कॉट घेणारी आई बाळाला तोडत नाही: ‘नौपाडा_सुमन’ यांच्या पोस्टला उत्तर

घोडबंदर_आई

काल नौपाडा_सुमन यांनी लिहिलं की बेडशेजारची कॉट (बाळाची छोटी खाट, एक बाजू उतरवून मोठ्या बेडला जोडतात ती) हे पैसेवाल्यांचं खूळ आहे, बाळाची जागा आईच्या कुशीत, आणि हल्लीच्या मुलींना तेवढंही जमत नाही म्हणून दुकानदारांचं फावतं. हे शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं सिझेरियन झालं. टाके ओले असताना कूस बदलायची म्हणजे काय, हे ज्या बायका यातून गेल्या आहेत त्यांना सांगायला नको. पाळणा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर बाळ रडलं की आधी कोपरावर भार देऊन बसायचं, मग पाय खाली सोडायचे, चालत जायचं, वाकायचं, उचलायचं आणि पाजून झालं की हेच सगळं उलट. रात्रीतून कितीदा तरी. बेडला लागून कॉट असली की नुसतं कडेला सरकायचं. बाळ ओढून घ्यायचं, पाजायचं, ढेकर काढायचा, परत त्याच्या गादीवर ठेवायचं. ते हाताच्या अंतरावर असतं, त्याचा श्वास ऐकू येतो. यात तोडलं कुठे?

अमेरिकन अकादमी ऑफ पीडियाट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, २०२२ साली झोपेबद्दलच्या सूचना नव्याने दिल्या. त्यातही हेच आहे: निदान पहिले सहा महिने खोली एक, झोपायची जागा वेगळी. बाळ उताणं, गादी कडक आणि सपाट. उशी, लोड, रजई, मऊ खेळणी काही नको.

आता कॉट निवडण्याबद्दल, कारण पोस्टखाली तेच विचारणाऱ्या मुलींना टोमणे मिळाले, उत्तर मिळालं नाही. रंग आणि जाळी नंतर बघा, आधी स्वतःचा बेड बघा. यातल्या बऱ्याच कॉटचे पाय मोठ्या बेडखाली सरकवायचे असतात. आपल्याकडे घरोघरी स्टोरेजचे बॉक्सबेड, खालून फरशीपर्यंत बंद. पाय जाणार कुठे? मग कॉट चार-सहा इंच लांब राहते आणि मधल्या फटीत लोक चादर कोंबतात. ती फटच जीवघेणी आहे. बाळाचं तोंड त्यात अडकू शकतं आणि कोंबलेली चादर सुटून त्याच्या चेहऱ्यावर येते. म्हणून पाय सरळ खाली येणारी, बेडच्या सांगाड्याला पट्ट्याने आवळून बांधता येणारी कॉटच घ्या. उंचीचे टप्पे मोजा. तुमच्या गादीचा वरचा काठ जमिनीपासून किती, हे टेपने मोजून मगच दुकानात जा.

नौपाडा_सुमन

अगं, माझी तीन मुलं चाळीतल्या दोन खोल्यांत, खाली गादीवर, माझ्या अंगाला चिकटून वाढली. कॉट ठेवायची म्हटली असती तर सासऱ्यांना जिन्यात झोपवावं लागलं असतं. तिन्ही धडधाकट आहेत.

अमेरिकेचं मला सांगू नकोस. तिथे बरेच जण बाळाला वेगळ्या खोलीत टाकतात, म्हणून त्यांना ‘एका खोलीत झोपवा’ असं लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला एकटं सोडतच नाहीत.

आणि राग येणार असेल तर येऊ दे, पण विचारते. पहिलं बाळंतपण असून तू माहेरी का गेली नाहीस? आई शेजारी असती तर बाळ तिने उचलून दिलं असतं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं मालिश, सगळं निगुतीने झालं असतं. माणसं नाहीत म्हणून फर्निचर आणावं लागतं.

नेरुळ_परिचारिका

सुमनताई, मी प्रसूतीनंतरच्या वॉर्डात काम करते. तुमची गादी आणि आजची गादी एक नाही, तुलना तिथेच चुकते. तुमची कापसाची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली, कडक आणि जमिनीवर. आज बेडवर मेमरी फोम असतो. मोठं माणूस झोपलं की खड्डा पडतो आणि हलकं बाळ घरंगळत त्याच खड्ड्यात येतं. वर एसी लावलेला, म्हणून रजई. शेजारी दिवसभर दमलेला बाप. त्याने दारू घेतली असेल किंवा घरात सिगारेट चालत असेल तर धोका आणखी वाढतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर मी एका बेडवर झोपवायला स्पष्ट नाही म्हणते.

पण घोडबंदर_आई, तुम्हीही एक ध्यानात घ्या. कॉट असूनही पाजता पाजता आईला झोप लागतेच. ते होणार हे धरून बेडवरची उशी-पांघरूण आधीच लांब सारून ठेवा. आणि बेडवर झोप लागेल या भीतीने सोफ्यावर जाऊन पाजू नका. सोफ्यावर बाळासकट झोप लागणं बेडपेक्षाही कितीतरी धोक्याचं.

आणि मोहरीची उशी! डोकं गोल व्हावं म्हणून ती अजून बाळाच्या कॉटमध्ये सापडते. ती काढा. उशी म्हणजे उशी, आत मोहरी असो नाहीतर कापूस.

नौपाडा_सुमन

मोहरीच्या उशीने माझ्या एकाही मुलाला काही झालं नाही.

कळवा_दोनमुलांचाबाप

मला कॉटच्या बाजूने बोलायचं नाही, विरुद्ध बोलायचं आहे, पण सुमनकाकूंच्या कारणासाठी नाही.

आमची बेडरूम दहा बाय दहा. सहा बाय साडेसहाचा बेड टाकला की एका बाजूला कपाटाचं दार जेमतेम उघडतं. तिथे कॉट लावली की कपाट बंद, बायको भिंत आणि कॉट यांच्यामध्ये अडकलेली, बाथरूमला जायचं तर पायथ्याकडून सरपटत. सिझेरियनच्या बाईने सरपटायचं? आणि हजारो रुपये घालून वापर किती? बाळ हातागुडघ्यांवर उठू लागलं की ही कॉट बंद करायची, असं कंपन्याच लिहितात. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात खेळ खलास. पहिल्यासाठी घेतली, दुसऱ्याच्या वेळी माळ्यावरून काढली तर पावसाळ्याने गादीला बुरशी.

रात्री बाळ उचलून द्यायला बाप हवा, कॉट नको. पण बापाला रजा कुठे आहे? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्वरजा १५ दिवस. आम्हा खासगीवाल्यांना कायद्याने एकही नाही. मी चौथ्या दिवशी ८:१२ च्या लोकलला लटकलेलो होतो. यावर कुणी बोलणार आहे का?

ऐरोली_सांगलीवाली

मला माहेरच्या मुद्द्यावर बोलायचंय, कारण ‘माहेरी का गेली नाहीस’ हा प्रश्न मीही भरपूर ऐकला.

मी गेले होते. सांगलीला. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, ती पहाटे उठून माझ्यासाठी पाणी तापवायची आणि मी आत पडून तिचं कण्हणं ऐकायची. वहिनीची परीक्षा चालू होती, तरी स्वयंपाक तिच्याच गळ्यात. नवरा शनिवारी यायचा, रविवारी रात्रीच्या गाडीने परत. परत आले तेव्हा त्याला बाळाचं लंगोटही बदलता येत नव्हतं आणि बाळ त्याच्याकडे गेलं की भोकाड पसरायचं. माहेरची माणसं म्हणजे फुकटची माणसं नव्हेत. दुसऱ्या वेळी ऐरोलीतच राहिले, दिवसाची बाई लावली, नवरा रात्री उठला. हेच बरं झालं.

खारघर_सेक्टरवाला

एका घराचा अनुभव घेऊन पद्धतच मोडीत काढू नका. माझी बायको साताऱ्याला होती. सासूबाईंनी जे केलं ते इथे कुठल्याही बाईने पैसे घेऊन केलं नसतं. तिला सव्वा महिना शांत झोप मिळाली, दूध भरपूर आलं. आम्ही हौसेने घेतलेली कॉट तोवर इथे खोक्यात पडून होती. मुंबईच्या बायकांना हल्ली आईपेक्षा ऑनलाइन खरेदी जवळची वाटते, हे खरंच आहे.

ऐरोली_सांगलीवाली

‘बायकोला शांत झोप मिळाली’ हे तुम्ही खारघरला बसून सांगताय. रात्री उठत कोण होतं? सासूबाई. त्यांना झोप मिळाली का, हे कधी विचारलंत?

आणि रजेचा हिशोब करा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्वरजा २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांपुरती. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. समजा चारच आधी घेतले आणि तीन महिने माहेरी गेले, तर बाळाला घेऊन स्वतःच्या घरात बसवायला उरतात जेमतेम दोन महिने. तेवढ्यात पाळणाघर शोधायचं, दूध काढून ठेवायची सवय करायची, बापाची आणि बाळाची ओळख करून द्यायची. कुणी कुठे बाळंत व्हायचं ते त्या बाईला ठरवू द्या.

खारघर_सेक्टरवाला

सासूबाईंना विचारलं नाही, हे मान्य. बाकी मुद्दे तसेच आहेत.

घोडबंदर_आई

सुमनकाकू, तुम्ही उघड विचारलंत म्हणून उघड सांगते. माझी आई नाही. म्हणून मी माहेरी गेले नाही. इथे कॉटबद्दल विचारणाऱ्या प्रत्येक मुलीमागे असं काहीतरी असू शकतं. तुमच्याकडे माणसं होती, हे तुमचं भाग्य होतं. ते सगळ्यांचं कर्तव्य असल्यासारखं बोलू नका.

नौपाडा_सुमन

हे मला माहीत नव्हतं. तसं विचारायला नको होतं.

पण बाळ कुशीत असावं हे मी सोडणार नाही.

कोपरीचा_सुतार

कामाचं बोलतो. बरेच जण बॉक्सबेडला जोडून कॉट करून मागतात, उल्हासनगरच्या बाजारातही बनवून देतात. तीन गोष्टी स्वतः तपासा. उभ्या पट्ट्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग पट्ट्यांतून निसटतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कडा यांत दोन बोटं गेली तर गादी लहान आहे, परत करा. आणि पॉलिश ताजं असेल तर बाळ यायच्या कितीतरी आधी कॉट घरी आणून उघड्यावर ठेवा. पावसाळ्यात पॉलिश लवकर वाळत नाही, वास बसून राहतो.

कळवा_दोनमुलांचाबाप

एक बाजू खाली पडणाऱ्या कॉटवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे ना? मग ही तीच की.

नेरुळ_परिचारिका

ती नाही. बंदी मोठ्या क्रिबच्या, म्हणजे बाळाच्या स्वतंत्र कठडेवाल्या खाटेच्या, सरकत्या बाजूवर आली. खिट्ट्या ढिल्या होऊन बाजू लोंबायची आणि त्या फटीत बाळं अडकली. बेडशेजारच्या कॉटची बाजू उतरवायची ती बेडला घट्ट बांधल्यावरच. युरोपच्या २०१९ च्या मानकात उतरवलेल्या बाजूलाही किमान १२० मिलिमीटरचा कठडा ठेवायला सांगितलंय, म्हणजे बाळ मोठ्यांच्या गादीवर लोळत येत नाही आणि तुमची रजई तिकडे जात नाही. पूर्ण सपाट उघडणारी कॉट घेऊ नका. कॉट बेडपासून सोडवली की बाजू वर, चेन बंद.

आणि कॉटऐवजी तिरका झुलणारा रॉकर रात्री झोपवायला वापरत असाल तर तोही बंद करा. फिशर-प्राइस या अमेरिकन कंपनीने असेच सुमारे ४७ लाख झोपाळे २०१९ मध्ये परत बोलावले, तीसहून जास्त बाळं दगावल्यानंतर. आता अमेरिकेत झोपायच्या जागेला दहा अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही.

नौपाडा_सुमन

बारा सेंटिमीटरचा कठडा असेल आणि बांधलेली असेल, तर ऑक्टोबरात सून बाळंत होईल तेव्हा मी आडवी येणार नाही. ती इथेच राहणार म्हणतेय, राहू दे. मोहरीची उशी ठेवायची की नाही ते मी तिच्या डॉक्टरांना समोर बसून विचारेन. बारशाला मात्र लाकडी पाळणा लागेल, त्यावर कुणी मला शिकवू नये. मच्छरदाणीचं काय करायचं तेवढं सांगा. आमच्याकडे गटाराच्या बाजूने संध्याकाळी डास लोटतात.

घोडबंदर_आई

काकू, कॉटला वेगळी छत्रीसारखी मच्छरदाणी लावू नका. एक बाजू उघडी, त्यामुळे ती बेडच्या कडेला सैल लोंबते आणि बाळाच्या हाताला लागते. बेड आणि कॉट दोन्हींवर मिळून एकच मोठी चौकोनी लावा, छताला चार हूक ठोकून, खाली गादीखाली खोचून. बेडची लांबी-रुंदी आणि गादीपर्यंतची उंची मला कळवा. माझी कॉट पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. तुमच्या बेडला बसत असेल तर गादी नवी घ्या, सांगाडा माझ्याकडून घेऊन जा.

कळवा_दोनमुलांचाबाप

आणि कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही आधी बघा.