जागा गुप्त, पण भीती वेगवेगळी
वोलेमी पाइन हे दुर्मिळ झाड काय किंवा लेडीज स्लिपर ऑर्किड हे दुर्मिळ रानफूल काय, दोन्हींच्या जागा चोरांच्या भीतीनं लपवतात, असं म्हणतात, पण ते ऑर्किडपुरतंच खरं आहे. इंग्लंडमध्ये लोकांनी ते खणून नेऊन संपवत आणलं. १९३० साली यॉर्कशरमध्ये एकच रोप सापडलं आणि पुढे त्यावर पहारा ठेवावा लागला.

वोलेमीचं तसं नाही. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दरीत सापडलेल्या या झाडाची रोपं २००६ पासून नर्सरीत विकत मिळतात. तिथे खरी भीती बुटांना चिकटून येणाऱ्या मातीची. फायटोफ्थोरा हा मुळं कुजवणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव तिच्यातून पसरतो, आणि तो तिथे पोचलाही आहे. त्यात या झाडांची जनुकं जवळजवळ सारखी, म्हणजे एकाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो. ती दरी हौसेनं शोधत जाणाऱ्यांचा मला म्हणूनच फार राग येतो, मग ते कितीही प्रेमानं जावोत.