मदत हवी आहे: काळ्या मातीच्या यार्डात रफ टेरेन फोर्कलिफ्ट वळेल का?

शिरोलीकर
शिरोली एमआयडीसीजवळ आमचे उघडे यार्ड आहे. पावसाळ्यात सध्याची फोर्कलिफ्ट माल उचललेल्या अवस्थेत काळ्या मातीत रुतते आणि ट्रक खोळंबतात. रफ टेरेन, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी घ्यायची आहे. ती रांगांमधून वळेल का, एवढेच सांगावे. निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे.

वर्कशॉपवाला
मालाचे वजन, नगाची लांबी आणि रांगांमधील वाटेची रुंदी कळल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. मोठी, खोल नक्षीची हवेची चाके, जमिनीपासून जास्त उंची आणि डिफरेन्शियल लॉक (अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी सोय) यांमुळे ही गाडी चिखलातून निघते. मात्र तिची लांबी जास्त असल्याने आणि चारचाकी ड्राइव्ह असल्यास मागच्या चालित अ‍ॅक्सलमुळेही वळणाला जागा अधिक लागते. शिवाय वळतात ती मागची चाके, त्यामुळे गाडीचे शेपूट बाहेरच्या बाजूला झोकते. लॉक लावून वळण घेऊ नये.

कागलकर
एवढा खर्च कशासाठी? मुरूम टाकून रोलर फिरवा, आहे तीच गाडी चालेल. आमच्या फाउंड्रीत आम्ही हेच केले.

शिरोलीकर
जागा भाड्याची आहे, मालक भर टाकू देत नाहीत. वजन दीड ते दोन टन असते. माल लाकडी पेट्यांत असतो.

बूमप्रेमी
मग टेलिहँडलर घ्यावा. त्याचा बूम, म्हणजे माल उचलणारा लांब हात, पुढे वाढतो आणि बऱ्याच मॉडेलांत चारही चाके वळतात, त्यामुळे अरुंद जागेत तो सरस ठरतो.

वर्कशॉपवाला
बूम जितका पुढे जाईल तितकी उचलण्याची क्षमता घटते, हेही सांगायला हवे. ट्रक दोन्ही बाजूंनी भरता येत असेल तर सरळ मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) पुरेसा आहे. शिरोलीकर, पेटीची खोली, म्हणजे काट्यांच्या दिशेने तिची लांबी, महत्त्वाची आहे. गाडीच्या पाटीवरची क्षमता ५०० मिमी भारकेंद्रासाठी (काट्यांच्या उभ्या बाजूपासून मालाच्या मध्यापर्यंतचे अंतर) लिहिलेली असेल आणि पेटी १६०० मिमी खोल असेल, तर भार समान पसरलेला असताना केंद्र ८०० मिमीवर जाते. तेव्हा अडीच टनी गाडीकडून दोन टनांची अपेक्षा धरू नये. त्या अंतरासाठी विक्रेत्याकडून क्षमतेचा तक्ता लेखी मागवावा.

नवउद्योजक
बॅटरीवरची गाडी घ्या, गोदामात धूर होत नाही.

कागलकर
यार्ड उघडे आहे, धुराचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. पण एक विचारतो, यार्डात चढ आहे का? चढावर माल नेहमी वरच्या बाजूला ठेवून चालवावे, म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना मागे. चढावर आडवे वळू नये. ओबडधोबड जमिनीवर गाडी कडेला कलंडण्याचा धोका खरा आहे. माल खाली आणि मास्ट मागे कललेला ठेवावा.

शिरोलीकर
फाटकापाशी थोडा चढ आहे. पेटी १२०० मिमी खोल आहे. आता चारचाकी की दोनचाकी ड्राइव्ह?

वर्कशॉपवाला
मातीत रुतत असेल तर चारचाकी. रांगेच्या काटकोनात वळण्यासाठी वाट किमान इतकी हवी: गाडीची वळण-त्रिज्या, पुढच्या अ‍ॅक्सलपासून काट्यांच्या उभ्या बाजूपर्यंतचे अंतर, पेटीची खोली आणि थोडी जादा मोकळी जागा, या सर्वांची बेरीज. पहिले दोन आकडे विक्रेत्याच्या पत्रकात मिळतील. वाटेची रुंदी आपण अजून दिलेली नाही.