वास गेला, आणि एमआरआय म्हणतो 'नॉर्मल'. तुमचे अनुभव सांगा

मे २०२१ मध्ये मला करोना झाला. ताप चार दिवसांत उतरला, वास अजून अर्धाच आहे. सांगलीत आमचं हळदीचं अडत दुकान. पूर्वी हळकुंड मोडून हुंगलं की माल कळायचा. आता सौद्याला धाकटा भाऊ उभा राहतो, मी वह्या बघतो.

मेंदूचा एमआरआय काढला, रिपोर्ट नॉर्मल आला. घरचे निर्धास्त झाले, मला मात्र खोटं पडल्यासारखं झालं. पुढे नाकाच्या डॉक्टरांनी समजावलं. नाकाच्या छतावर, मेंदूच्या खालच्या अंगाला दोन चिमुकले गंधकंद असतात, नाकातला वासाचा संदेश आधी तिथे पोचतो. काही रुग्णांत ते बारीक झालेले दिसतात, काहींत नाही. करोनाचा विषाणू मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींना धरतो, आणि इतकं बारीक एमआरआयला दिसत नाही. गाठबिठ नाही ना, एवढं त्यातून कळतं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्रास खराच. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

कुणाला असं झालं असेल तर जरूर लिहा.

तासगाव
दादा, अगदी माझंच लिहिलंत. मला मीठ कळतं, आंबट कळतं, तिखटानं डोळ्यांत पाणी येतं, पण आमटी कशाची ते सांगता येत नाही. तिखटाचा झोंबरेपणा वेगळ्या नसेतून जातो म्हणे, म्हणून तो वाचला. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू. मी तिथेच भाजी निवडत होते. सासूबाई ओरडत आल्या. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म आहे. तुम्हीही आधी तो बसवा, बाकी सगळं नंतर.

विटा
माझा वास परत आला, पण उलटा. कांदा-लसूण मसाला परतला की सडल्यासारखं येतं. आठ महिने दही-भातावर काढले.

विश्रामबाग
माझ्या रिपोर्टमध्ये 'गंधकंद लहान' असं आलं. त्यातच ब्रिटनचा २०२२ चा अभ्यास वाचला. ७८५ जणांचे दोन-दोन स्कॅन, त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात करोना झालेला, आणि त्यांच्यात मेंदूतले वासाशी जोडलेले भाग बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त आकसलेले. आठवडाभर झोप नाही. मग डॉक्टर म्हणाले, ते सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि फरक सरासरीचा. तुझ्या एकट्याचं भविष्य त्यात नाही.

मिरज
माझा वास करोनाच्या कितीतरी आधी, साध्या सर्दीत गेला. तेव्हा कुणी विश्वासच ठेवला नाही. मग वासाचा सराव सुरू केला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये हे १२ आठवडे करून दाखवलं. मला जास्त लागले. पाचव्या महिन्यात लवंग आली, गुलाब अजून नाही.

धागाकर्ता
काका, लवंग चावायची की नुसती हुंगायची?

मिरज
नुसती हुंगायची. प्रत्येक वासाला वीसेक सेकंद, डोळे मिटून. आणि तो वास पूर्वी कसा होता ते आठवत राहायचं. तुम्ही हळदही ठेवा शेजारी.