बर्फातल्या भारी हॉटेलातलं जेवण: सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, या जानेवारीत आईला आणि आण्णांना घेऊन गुलमर्गला जाऊन आलो. आल्यापासून गावातल्या निदान दहा जणांनी एकच विचारलं: तिथल्या मोठ्या हॉटेलात एका जेवणाला एवढे पैसे घालावेत का? उभ्या उभ्या उत्तर देता येईना, म्हणून हा धागा काढतोय. स्कीइंगच्या गावी, देशात किंवा परदेशात, चांगल्या हॉटेलात जेवला असाल तर लिहा. काय मागवलं, कुठं अडलं, घरच्या माणसांना कसं वाटलं, सगळं लिहा. पहिला अनुभव माझा.

आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९८६ च्या हिवाळ्यात ते गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलला कोर्ससाठी गेले होते. सैन्यानं १९४८ साली स्कीइंग शिकवायला सुरू केलेली ही संस्था. बर्फावर पाय रोवायला ते तिथंच शिकले. आम्हाला लहानपणी ते सांगायचे, "संध्याकाळी वरनं उतरताना हॉटेलचे दिवे दिसायचे. आत कोण जेवत आसंल, असं वाटायचं." तक्रारीचा सूर नसायचा. पण मला ते वाक्य विसरता आलं नाही.

म्हणून पंचतारांकित हॉटेलातल्या काश्मिरी रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलं. काचेबाहेर अफरवाटचा डोंगर, देवदारांवर बर्फ. आण्णा धोतर-कोट आणि टोपी घालून आलेले. काटे-चमचे बघून ते गप्प झाले, हे मला कळलं. तेवढ्यात वाढपी तांब्याची नक्षीदार झारी आणि तस्त घेऊन आला. वाझवान, म्हणजे काश्मिरी मेजवानी, हातानं खायचं असतं, त्यामुळं पाहुण्यांचे हात टेबलापाशीच धुऊन देतात. त्यानं वाकून "बाबूजी, हाथ" म्हटलं आणि आण्णांच्या हातावर कोमट पाणी धरलं. आण्णा अर्धवट उठायलाच लागले. आयुष्यभर दुसऱ्याला पाणी देणारा माणूस तो. मग बसले आणि दोन्ही हात पुढे केले. मी त्या वेळी खिडकीकडं बघत होतो, नाहीतर मला जेवण गेलं नसतं.

तबकमाज, रिस्ता, रोगन जोश असे मटणाचे प्रकार येत गेले आणि शेवटी गुश्ताबा. मटण लाकडी हातोड्यानं दगडावर कुटून कुटून लोण्यासारखं करतात, त्याचे मोठे गोळे दह्याच्या रश्श्यात शिजवतात. गुश्ताबा आला की वाझवान संपलं, अशी तिथली रीत. आमच्याकडच्या झणझणीत रश्श्याची सवय असलेल्या जिभेला तो आधी मिळमिळीत वाटतो. दोन घास थांबा.

आई माळकरी. तिचं काय, ही मला खरी काळजी होती. आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता. काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, त्या पद्धतीची नद्रू यखनी त्यांनी केली: कमळकाकडी, दही, बडीशेप, सुंठ, हिंग. सोबत हाक, म्हणजे त्यांची हिरवी भाजी. आईनं पहिल्या घासाला सुंठ ओळखली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि बाहेर ती कधी दुसऱ्यांदा घेत नाही.

तिघांचे साडेनऊ हजार झाले, कर धरून. मला जास्त वाटले नाहीत. आता तुम्ही लिहा.

वाईचा बल्लव:
दादा, वाचून बरं वाटलं. हॉटेल मॅनेजमेंट झाल्यावर मी हिमालयातल्या एका स्की रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात दोन हिवाळे काढलेत. लोक विचारतात, साधी डाळ एवढी महाग कशी? भिंतीपलीकडून सांगतो.

२,६०० मीटर उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. आपल्या महाबळेश्वरातसुद्धा ते ९५ वर उकळतं. म्हणजे उघड्या पातेल्यात भात टाकला तर बाहेरून फुलतो आणि आत कणी राहते. राजमा तर कुकरशिवाय शिजतच नाही, आणि गॅस दीडपट जातो. भाजी, दूध, सिलिंडर सगळं खालून येतं. गुलमर्गचंच बघा, तंगमर्गपासून १३ किलोमीटरचा घाट, बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी चढत नाही. रात्रीत नळ गोठतात. पहाटे चारला आम्ही पाइपांवर गरम पाणी ओतत बसायचो.

आणि ताटली गरम करूनच वाढावी लागते. थंड ताटलीत मटण वाढलं तर टेबलापर्यंत पोचेतो चरबी थिजते. ताटली हाताला चटका देत असेल तर समजा, आत कुणीतरी मनापासून काम करतंय.

एक विनंती: पथ्य, उपास, कांदा-लसूण नको, हे आदल्या दिवशी कळवा. ऐन गर्दीत सांगितलं तर आम्ही फक्त वगळून देतो. आधी सांगितलं तर तुमच्यासाठी वेगळं शिजवतो. या दादांच्या आईंना मिळालं ते त्यामुळंच.

हरिपूर रोड, सांगली:
आम्ही दिगंबर जैन. मुलगी झुरिकला नोकरीला आहे, तिच्याकडं डिसेंबरअखेर गेलो होतो. तिनं हौसेनं एका स्की गावातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं टेबल धरलेलं. पण तिथं त्या दिवसांत पावणेपाचला सूर्य मावळतो, आणि त्यांचं रात्रीचं जेवण सुरू होतं सहानंतर. आमचं तर सूर्यास्ताआधी. पोरगी रडवेली झाली. मग तिनं फोन करून दुपारचं टेबल मागितलं. तेही लवकरचं हवं, कारण डोंगरातली बरीच स्वयंपाकघरं दुपारी दोननंतर बंद होतात.

चीजचं सगळ्यांनी लक्षात ठेवा. ग्रुयेरसारखं पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. मेनूवर 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं असतं, त्यांच्या हिशोबानं ते खरंच आहे, पण आम्हाला चालत नाही. फाँड्यू आणि राक्लेट, दोन्ही वितळलेल्या चीजचे पदार्थ, दोन्ही गेले. रोस्टी बटाट्याची, तीही गेली. हे सगळं मुलीनं समजावून सांगितलं तेव्हा तिथली मुख्य आचारी बाई स्वतः बाहेर आली. कंदमूळ नाही, कांदा नाही, मश्रूम नाही, अंडं नाही, हे तिनं वहीत लिहून घेतलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

काय आलं असेल? पोलेंटा. मक्याच्या कण्याच त्या! वर टोमॅटो, झुकिनी आणि ऑलिव्ह तेल. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हे तर आज्जीच्या हातचं." समोर स्कीवाले रंगीत ठिपक्यांसारखे उतरत होते आणि आम्ही कण्या खात होतो. एका ताटाचे २८ फ्रँक, पाण्याच्या बाटलीचे वेगळे ९. फ्रँक तेव्हा शंभर रुपयांच्या घरात. महाग आहेच, पण त्या बाईनं लिहून घेतलेली यादी मी अजून विसरले नाही.

माहेर तासगाव:
काकू, फाँड्यू आम्ही खाल्लं, म्हणून पुढं लिहिते. त्यात पांढरी वाइन असतेच. तिच्या आंबटपणामुळं चीजच्या गुठळ्या होत नाहीत. आमच्यात कुणी घेत नाही, म्हणून सफरचंदाचा रस आणि लिंबू घालून करून दिलं. विचारलं की करतात. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून भांड्यात फिरवायचा. संपत आलं की तळाला करपूस पापुद्रा धरतो, तो खरवडून सगळ्यांना वाटून देतात, आणि तोच मानाचा घास समजतात. आमच्या घरी बासुंदीच्या पातेल्याच्या खरवडीवरून अजून भांडणं होतात, त्यामुळं पोरांना लगेच कळलं.

कऱ्हाडचा:
अनुभव चांगला नाही, तरी लिहितो. हिमाचलात एका स्कीइंगच्या गावी, नाव लिहीत नाही. जेवण ठीक होतं. बिलात दहा टक्के सेवा शुल्क आधीच लावलेलं, आणि काढा म्हटल्यावर मॅनेजर आवाज चढवून बोलला. वडील शेजारी होते, म्हणून भरून उठलो. वडिलांचा उतरलेला चेहरा आठवला की अजून राग येतो. नंतर माहिती काढली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हे शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो, आणि मोठ्या हॉटेलांत तो १८ टक्के असू शकतो. शुल्काबद्दल मात्र शांतपणे सांगा, नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करा. मी केली नाही, करायला हवी होती.

मिरज ते दुबई:
मी नर्स. मिरजेतच शिकले, आता इथं. माझा बर्फ खोटा आहे, चालेल ना? मॉलमधला स्की दुबई, २००५ पासून आहे. आत उणे तापमान, बाहेर वाळवंट. आईचे गुडघे गेलेले, तिला कुठल्या डोंगरावर नेणार? म्हणून काचेलगतचं टेबल घेतलं. ती सूप पीत होती आणि काचेपलीकडं लहान पोरं बर्फात पडत होती, उठत होती. दर वेळी पोर पडलं की ती "अगं बाई" म्हणायची. दोन तास बसलो. कुणीही उठा म्हटलं नाही.

वाईचा बल्लव:
ताई, का नाही चालणार! पुढच्या वेळी वाढप्याला सांगून आईंसाठी उंच खुर्ची मागून घ्या, गुडघ्यांना बरं पडतं.

पाटण खोरं:
फेब्रुवारीत आजीला गुलमर्गला न्यायचं ठरलंय. वय ७६, नऊवारीच नेसते. मोठ्या हॉटेलात तिला अवघडल्यासारखं होईल का? आणि डोंगरावर गोंडोलानं, म्हणजे तारेवरच्या पाळण्यानं, न्यावं का?

धागाकर्ता:
अजिबात नाही. आण्णांच्या धोतराकडं कुणी वळून बघितलं नाही, उलट दार उघडून धरलं. नऊवारीच्या आत लोकरीची विजार आणि पायात दोन मोजे घाला. जेवणाची खोली चांगली उबदार असते, त्यामुळं वरचा कोट सहज काढता येईल असा असू दे. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पहिला टप्पा ३,००० मीटरच्या थोडा वर जातो, दुसरा ३,९०० च्या पुढं. दुसऱ्या टप्प्यावर आजींना नेऊ नका, आणि पहिल्यासाठीही डॉक्टरांना विचारून घ्या. टेबल दुपारचं धरा, रात्रीचं नको. उजेडात डोंगर दिसतो, आणि परत जाताना वाट निसरडी झालेली नसते. त्या काय खात नाहीत ते आजच इथं लिहा, आपले वाईकर आचाऱ्याला फोनवर नेमकं काय सांगायचं ते सांगतील.

पाटण खोरं:
लिहितो. वांगं चालत नाही. बाकी सगळं खाते, मटण पण.