चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचं पॉइंटिंग थंडीत करावं का? डिचोली

डिचोलीचं_घर
नमस्कार मंडळी. आमचं डिचोलीजवळ आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आहे. राजांगणाकडची एक भिंत आणि मागची पडवी, दोन्हीकडे गिलावा नाही, चिरा उघडाच. मूळ दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, चुन्याच्या होत्या, सात-आठ वर्षांपूर्वी वडिलांनी एका कंत्राटदाराकडून सिमेंटने भरून घेतल्या, तेव्हा दिसायला एकदम छान झालं होतं, आणि आता बघावं तर सिमेंटच्या पट्ट्या तशाच उभ्या आणि मधला चिराच झिजून आत गेलाय, एका ठिकाणी तर पट्टी बोटभर बाहेर आलीय. आई रोज संध्याकाळी भिंतीखाली पडलेली लाल भुकटी झाडून काढते, बघवत नाही. म्हणून सगळं काढून परत चुनाच घालायचं ठरवलंय. गवंडी वयस्कर आहेत, चुन्याचं काम केलेले, ते म्हणतात डिसेंबर-जानेवारीतच उरकू. पण भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, तो फोनवर म्हणतो थंडीत चुन्याला हात लावायचा नाही, सगळं सुटून पडतं. पहाटे इथे पण गार असतं, दंवाने पायऱ्या ओल्या होतात. मार्चपर्यंत थांबू का? आणि चुन्यात थोडं सिमेंट घातलं तर चालेल का?

फोंडेकर_बांधकाम
थांबू नका. भाऊ सांगतो ते तिथे खरंच आहे, पण आपली थंडी म्हणजे पहाटे १९-२० अंश, वाळपईकडे उतरलंच तर त्याहून थोडं खाली. माल बिघडायची भीती सुरू होते ५ अंशांच्या आसपास. आपल्या आयएस ७८६१ मानकाचा दुसरा भाग आहे १९८१ चा, थंड हवेतल्या काँक्रीटचा, त्यातही ५ अंश हीच रेघ धरलीय. त्या दंवाने काही होत नाही, उलट चुन्याला ओल हवीच असते.

आपल्याकडे डिसेंबरात त्रास होतो तो दुपारच्या कोरड्या वाऱ्याचा. चुना वाळणं वेगळं आणि चुना धरणं वेगळं, हे नवीन पोरांना सांगून सांगून मी दमलो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो आणि त्यासाठी आत ओल राहावी लागते, दोन दिवसांत कडक वाळला तर नखाने पांढरी पूड निघते, ते काम गेलंच समजा. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी परत पाणी मारा, चिरा ओला दिसला पाहिजे पण त्यावर पाणी चमकता नये. ऊन ज्या भिंतीवर येतं ती सावलीत गेल्यावरच भरा. नंतर ओलं गोणपाट लावायचं, भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं सोडून, आणि ते आठवडाभर तरी सुकू द्यायचं नाही.

सिमेंट काढताना ग्राइंडर लावू देऊ नका हात जोडून सांगतो, चिऱ्याच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. छिन्नी-हातोडीनेच, सावकाश. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट खोल उघडा, निदान २०-२५ मिमी. चांगला विरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली खरखरीत रेती तीन भाग. दर्याकाठची रेती नको, मीठ येतं.

मडगाव_ते_साउथॅम्प्टन
मी इथे इंग्लंडात साइटवर आहे म्हणून लिहितो, भाऊ घाबरवत नाहीये. दरजेत मुरलेलं पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि अजून न धरलेला चुना आतून फोडतं, वरून चांगला दिसतो आणि वसंतात पापुद्रा होऊन हातात येतो. म्हणून इथे उघड्यावरचं चुन्याचं काम बरेच जण ऑक्टोबरला बंद करून मार्च-एप्रिलला परत धरतात, अडलंच तर मचाणाला ताडपत्री आणि भिंतीला गोणपाट. काही जण सिमेंटच्या मालात लवकर धरावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालायचे, त्याने भिंतीतलं लोखंड गंजतं, म्हणून आता ते टाळतात. आपल्या गावात यातलं काहीच लागत नाही. इथे बर्फ चुकवून काम करतात, आपण पाऊस चुकवून. जूनला पाऊस लागायच्या आत चुन्याला महिने मिळायला हवेत, मार्चला सुरू केलंत तर ते कमी पडतील आणि ऊनही जास्त.

साखळीची_सून
सिमेंट अजिबात घालू नका, थोडंसुद्धा नको. आमच्या सासरी हेच झालं. चिरा पावसात पाणी पितो, ते पाणी नंतर बाहेर जायला वाट शोधतं, दरज चुन्याची असेल तर दरजेतून जातं, सिमेंटने बुजवली की चिऱ्याच्याच तोंडातून जातं आणि तोंड भुगा होतं. दरज चिऱ्यापेक्षा मऊ हवी, झिजायचंच तर तिने झिजावं, ती परत भरता येते. तुमची आई झाडते ती भुकटी म्हणजे घरच आहे हो.

डिचोलीचं_घर
सगळ्यांचे मनापासून आभार. मेस्त्रींना वाचून दाखवलं, ते म्हणाले गोणपाट चार बोटं सोडून लावायचं हे बरोबर, फक्त खाली विटांवर टेकवा म्हणजे वाऱ्याने घासणार नाही. काल पडवीच्या कोपऱ्यात चार दरजा करून बघितल्या. भरल्यावर लगेच गुळगुळीत करायला मी थापी घेतली तर त्यांनी हात धरला, म्हणाले थांब. संध्याकाळी अंगठ्याचं नख दाबून बघितलं, खूण उठली पण बोटाला माल लागला नाही, तेव्हा त्यांनी ताठ ब्रशने ठोकून दरज आत बसवली, रेतीचे दाणे वर दिसायला लागले. आज सकाळी आईने गोणपाटावर पहिलं पाणी मारलं.

फोंडेकर_बांधकाम
मेस्त्री पक्के आहेत तुमचे. दुपारी दोनला एकदा हात लावून बघत जा गोणपाटाला, तेव्हाच सुकतं.