लेथ नव्या शेडमध्ये हलवल्यापासून जॉबला टेपर येतोय (एक टोक जाड, एक बारीक). हेडस्टॉकला (चक आणि स्पिंडल असलेल्या डोक्याला) हात लावू का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये मी मेंटेनन्सला आहे. आयटीआयला मशीन टूल मेंटेनन्सचाच ट्रेड केलाय. बेअरिंग, गिअर, बेल्ट, कूलंट पंप, मोटार ही रोजची कामं निभतात. अलाइनमेंटचं काम मात्र आमच्याकडे कायम एक जुने मिस्त्री बघायचे. ते आता काम सोडून गावी राहतात, आणि नेमकं आत्ताच ते काम माझ्यासमोर आलंय.

लेथ जुना, एचएमटीचा. सेंटर हाइट २२० मिमी, बेड साधारण एक मीटर कामाचा. पावसाच्या आधी तो नव्या शेडमध्ये हलवला. हायड्रा क्रेनने उचलताना पट्टे बेडखालून घातले होते, स्पिंडलला किंवा हेडस्टॉकला ताण दिलेला नाही; मी तिथेच उभा होतो. खालचं काँक्रीट नवीन आहे. मशीन लेव्हलिंग पॅडवर आहे, ग्राउटिंग (पायाखाली सिमेंट भरून पक्कं करणं) अजून केलेलं नाही.

आता तक्रार अशी: २५ मिमीचा एमएस बार थ्री जॉ चकमध्ये धरून १५० मिमी बाहेर ठेवला आणि टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता फिनिश कट मारला, की चकजवळ माप बरोबर येतं आणि मोकळ्या टोकाला ०.०३ मिमी जाड. आमचा टर्नर सांगतो की जुन्या जागी हाच जॉब एका शतांशात बसायचा. त्याचा हात चांगला आहे, त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे.

मी काय पाहिलं ते सांगतो. ०.०२ मिमी प्रति मीटरची लेव्हल क्रॉस स्लाइडवर (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागावर) आडवी ठेवून सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) चालवला. हेडस्टॉककडे बुडबुडा मधोमध. टेलस्टॉककडे नेला की समोरची बाजू चार घरं खाली दाखवते, म्हणजे बेडला पीळ आहे. स्पिंडलला प्ले नाही. गिब (स्लाइडची ढिलाई घालवणाऱ्या पट्ट्या) घट्ट आहेत, सॅडल अडकत नाही.

सुपरवायझरचं म्हणणं, हेडस्टॉकचे बोल्ट सैल कर, डायल लाव आणि ठोकून सरळ कर. मला ते पटत नाही. मशीनचा टेस्ट चार्ट (कारखान्यातल्या तपासणीच्या मापांचा कागद) आमच्याकडे राहिलेला नाही, आणि एकदा हेडस्टॉक जागचा हलला की मूळ जागा कुठे होती हे कोण सांगणार? या लेथवर दोन पाळ्यांचं काम आहे, आणि तो अजून खूप वर्षं चालेल असा आहे. दोष बेडच्या पिळात आहे, हेडस्टॉकमध्ये आहे की आणखी कुठे, हे बोल्टला पाना लावण्याआधी कसं ओळखायचं? आधी काय तपासू, नंतर काय?

जुना फिटर:

बोल्टला हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. लावूही नका.

तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करू. चार घरं म्हणजे ०.०८ मिमी प्रति मीटर. टूल बेडपासून २२० मिमी वर, म्हणजे सॅडल हेडस्टॉकपासून टेलस्टॉकपर्यंत जाताना टूल तुमच्याकडे सुमारे ०.०१८ मिमी सरकतं. पण हे पूर्ण एक मीटरमध्ये. तुमचा जॉब १५० मिमीचा, त्याच्या वाट्याला ०.००३ पण येत नाही. व्यासात धरलं तरी ०.००५. दिशा जुळते, मोकळं टोक जाडच येणार, पण ०.०३ मधला जेमतेम सहावा हिस्सा झाला. पीळ काढायचाच आहे, पण त्याने टेपर जाणार नाही.

बेडची झीजही नाही वाटत. झीज चकजवळ जास्त असते, सॅडल ज्यावर सरकतो तो बेडचा समोरचा व्ही खाली बसतो, टूल जॉबपासून लांब जातं आणि चककडे जाड येतं. तुमचं उलट आहे.

माझा संशय बारवरच आहे. २५ चा बार १५० बाहेर, आधार नाही, तो टूलच्या दाबाने मागे वाकणारच. व्यास दुप्पट केला की बार सोळापट ताठ होतो. म्हणून ५० चा बार घ्या, तेवढाच बाहेर ठेवा, मधला भाग खाली उतरवून दोन्ही टोकांना दोन कॉलर ठेवा. क्रॉस स्लाइडला न हलवता दोन्हींवरून एकच हलका कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. टेपर जवळजवळ गेला, तर मशीन निर्दोष. तेवढाच राहिला, तरच हेडस्टॉकचा विचार.

आणि एक सांगा: शेड बदलताना टूल बदललं का?

धागाकर्ता:

मनापासून आभार दादा. टूल बदललंय! आधी ब्रेझ्ड टूल होतं, टर्नर स्वतः धार लावायचा, टोक अगदी बारीक. आता ०.८ नोझ रेडियसचं (टोकाची गोलाई ०.८ मिमी) इन्सर्ट आहे, आणि फिनिशला ०.२ चा कट घेतात.

टूलरूम:

मग बरंचसं उत्तर तिथेच आहे. कटची खोली नोझ रेडियसपेक्षा कमी असली की टूल जॉबला कापण्यापेक्षा बाजूला जास्त ढकलतं. ०.४ नोझचं, पॉझिटिव्ह रेकचं (हलक्या दाबात कापणाऱ्या कोनाचं) धारदार इन्सर्ट लावून तोच २५ चा बार करून बघा. जॉबला सेंटर होल चालणार असेल तर टेलस्टॉकचा आधार द्या, पण आधी टेलस्टॉक सेंटरला आहे का ते तपासा, नाहीतर टेपरचं नवंच कारण तयार होईल.

हेडस्टॉकची खात्री करायची असेल तर स्पिंडलच्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) टेस्ट मँड्रेल (तपासणीसाठीचा अचूक दांडा) बसवा, डायल सॅडलवर घ्या, दोन्ही टोकांचं रीडिंग लिहा, स्पिंडल १८० अंश फिरवून पुन्हा लिहा आणि सरासरी काढा. असं केलं की मँड्रेलचा रनआउट (फिरताना डगमगणं) हिशोबातून जातो. मँड्रेलचं मोकळं टोक टूलच्या बाजूला किंचित झुकलेलं चालतं, कारण कटिंगचा दाब त्याला मागेच नेतो. मागे झुकलेलं मात्र चालत नाही. हे सगळं मशीन तासभर फिरवून गरम झाल्यावर करा.

पीळ काढताना टेलस्टॉककडचा समोरचा पॅड थोडा थोडा उचला आणि दर वेळी हेडस्टॉककडेही लेव्हल बघा, तिकडचा बुडबुडा सरकतोच. नवीन काँक्रीट अजून बसेल, तेव्हा ग्राउटिंगची घाई नको. महिन्याभराने लेव्हल पुन्हा लावा.

धागाकर्ता:

५० चा बार स्टोअरमध्ये आहे. रविवारी मशीन रिकामं मिळतंय, कॉलर टेस्ट आणि ०.४ चं इन्सर्ट दोन्ही तेव्हाच करतो आणि रीडिंग इथे टाकतो. टेस्ट मँड्रेल आमच्याकडे नाही. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीत कुणी एका दिवसासाठी देणारं माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्पिंडलचा टेपर मोजून सांगतो.